कुलूप शाबूत, गाडी गायब

काच फुटलेली नाही, कुलूप तुटलेले नाही, तरी गाडी गायब! हे कसे होते ते अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून कळते. मे २०१७ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी तिहुआनाच्या एका टोळीतील नऊ जणांवर आरोप ठेवले. २०१४ पासून सॅन दिएगो परिसरातून सुमारे १५० जीप रँग्लर पळवल्याचे हे प्रकरण. टोळी आधी डॅशबोर्डवरचा चेसिस नंबर टिपायची. त्यावरून कंपनीच्या नोंदीतला कोड मिळवून डुप्लिकेट चावी बनवायची. मग रात्री छोट्या यंत्राने ती चावी गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखायला लावायची आणि गाडी थेट मेक्सिकोत!

म्हणजे चोराने कुलूप नाही, कंपनीचे रेकॉर्ड फोडले. चावी मागणारा खरा मालक आहे का, हेच कुणी तपासले नाही तर चिप काय करणार? डुप्लिकेट देण्याआधी मूळ आरसी, ओळखपत्र पाहणे आणि मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर विचारणे सक्तीचे व्हावे, असे आम्हाला वाटते.

तोवर आपणच सावध राहू या. चावीच्या कोडचा टॅग गाडीत ठेवू नका. आरसीचा फोटो ग्रुपवर टाकू नका. जुनी गाडी घेतली तर सगळ्या चाव्या मागून घ्या, आधीच्या चाव्या सिस्टीममधून काढून टाकायला सांगा. स्टीअरिंगला वेगळे लोखंडी लॉक लावा. डुप्लिकेट चावीने ते उघडत नाही.

एक चावी हरवली तर लगेच पोलिसांत नोंद करा, कारण चोरीचा क्लेम करताना विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. कर्जावर टॅक्सी चालवणाऱ्याची गाडी गेली तरी हप्ता थांबत नाही.