माणूस कोणत्या गावचा?

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तफिला आटोपून आम्ही तिघे घरी निघालो होतो. बसस्टँडच्या मागे पुठ्ठ्यावर एक माणूस झोपलेला. वय साठीच्या आसपास. हिब्रूत विचारले, उत्तर नाही. माझ्या सोबत्याने मराठीत विचारले, "भाऊ, जेवलास का?" तेव्हा तो उठून बसला. आपल्यातलाच निघाला. बायको वारली, भाडे थकले, खोली गेली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या इरियात फोन केला. "तेऊदत झेहूतवर पत्ता कुठला?" शेजारच्या गावचा. "मग तिकडे विचारा." तिकडे विचारले तर म्हणाले, "माणूस तुमच्या हद्दीत आहे, आम्ही काय करणार?" दोन दिवस हेच चालले. शेवटी त्याचा पुतण्या आला आणि त्याला घेऊन गेला. पण ज्याला पुतण्याच नाही, त्याचे काय?

मला राग आला होता. पुढे यामागचा हिशेब समजून घेतला, तेव्हा कळले की दोष एकट्या कारकुनाचा नाही.

१९५८ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपालिकेने रवाखाचे खाते चालवायचे असते. खर्चाची वाटणी साधारण अशी: १०० शेकेलपैकी ७५ सरकारचे, २५ इरियाचे. ऐकायला बरे वाटते. पण ज्या गावाची तिजोरी रिकामी, ते २५ आणणार कुठून? आणि २५ नाहीत तर सरकारचे ७५ही येत नाहीत. म्हणजे गरज जास्त तिथेच पैसा कमी.

शिवाय निवारा म्हणजे नुसत्या खाटा नव्हेत. रात्रीचा रखवालदार हवा, जेवण हवे, समाजसेवक हवा, डॉक्टरची ये-जा हवी. चार-पाच माणसांसाठी एका लहान गावाला हे परवडत नाही. त्यात एक भीती असते, ती कोणी उघड बोलत नाही. आपण निवारा काढला तर आजूबाजूच्या गावांची माणसे आपल्याच दारात येतील! म्हणून प्रत्येक गाव दुसऱ्याची वाट बघत बसते, आणि रस्त्यावरचा माणूस तेल अवीवची वाट धरतो.

यावर माझ्या मते एकच इलाज आहे. शेजारच्या गावांनी मिळून योजना आखावी आणि खर्चही मिळून करावा. हे काही नवे नाही. गावांनी 'एश्कोल' नावाने एकत्र येऊन कामे करावीत, अशी कायद्यात २०१६ पासून सोय आहे. कचऱ्याचे काम कितीतरी गावे अशीच मिळून करतात. कचऱ्यासाठी जमते, तर माणसासाठी का जमू नये? रामला आणि लोद घ्या. दोन्हीकडे आपले लोक राहतात, मधले अंतर बसने काही मिनिटांचे. दोन शहरांत मिळून एक निवारा, लोकसंख्येप्रमाणे खर्चाची वाटणी, आणि पत्ता न विचारता पहिल्या रात्री आत घ्यायचे. मग कोणी कोणावर ढकलणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहर आणि काउंटी यांनी १९९३ मध्ये बेघरांसाठी एक संयुक्त संस्था काढली. पुढे खर्चाचा माग नीट लागेना, जबाबदार कोण हे कळेना. २०२५ मध्ये काउंटीने आपला ३० कोटी डॉलरहून अधिक निधी तिथून काढून स्वतःचे खाते उभारायचे ठरवले. तेव्हा एकत्र यायचे, पण हिशेब चोख ठेवायचा आणि जबाब देणारा माणूस एकच हवा.

आपल्याला हा विषय नवा नाही. शोफेतीम पाराशात काय आहे, आठवा. दोन गावांमध्ये रानात प्रेत सापडते, मारणारा कोण ते ठाऊक नाही. मग वडीलधारे बाहेर येऊन चहूकडच्या गावांपर्यंत अंतर मोजतात. सर्वांत जवळच्या गावचे वडील हात धुऊन सांगतात की हे रक्त आम्ही सांडले नाही. आपल्या ज्ञानी लोकांनी याचा अर्थ असा लावला: हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी, सोबतीशिवाय पाठवले, असे घडलेले नाही. तिथे अंतर मोजतात ते जबाबदारी घेण्यासाठी. आपल्या इरिया मोजतात ती टाळण्यासाठी. आणि तिथे माणूस मेल्यावर मोजतात, आपल्याला तो जिवंत असतानाच संधी आहे.

आपण म्हातारे काय करणार, असे म्हणू नका. थंडीत कोणी उघड्यावर दिसला तर इरियाच्या १०६ वर फोन करा. आपला नगरसेवक मत मागायला येतो, तेव्हा त्याला एवढेच विचारा: शेजारच्या गावाशी या बाबतीत बोलणे केले का?