दम वयाचा की हवेचा?

‘वय झाले, आता दम लागणारच,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते एकदा तपासून पाहावे.

वाहने, बांधकामे आणि जळता कचरा यांतून निघणारे २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकात अडत नाहीत. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि धोक्याचे इशारे देत राहतात. या सततच्या दाहाने अस्तर दुबळे होते. अशा वेळी कबुतरांच्या विष्ठेची धूळ किंवा कूलरमधील बुरशी यांविरुद्ध प्रतिकारशक्ती अवाजवी पेटून उठू शकते. या आजारास ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत ‘इंटरस्टिशियल लंग डिसीज’च्या १,०८४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हाच आजार होता. प्रदूषण हे त्याचे एकमेव कारण नव्हे. परंतु ते आगीत तेल ओतत असावे, असे मानण्यास जागा आहे.

कोरडा खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा नेहमीच्या जिन्यावर मध्येच थांबावे लागू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. घराजवळची कबुतरे, कूलर, भिंतींची ओल यांविषयी आवर्जून सांगावे. मूळ कारण वेळीच दूर केल्यास दाह ओसरू शकतो. फुप्फुसांवर पडलेले वण मात्र सहसा पुसले जात नाहीत.

हिवाळ्यात पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर फिरावे. गॅलरीतील विष्ठा कोरडी झाडू नये. मुखपट्टी लावून, ओली करूनच पुसावी, आणि ते काम घरातील ज्येष्ठांवर सोपवू नये.