माकडाला आपण काय शिकवतोय?

जपानमधल्या आयुमू नावाच्या चिंपांझीला स्क्रीनवर पाच आकडे फक्त ०.२१ सेकंद दाखवले आणि झाकले. आता चढत्या क्रमाने त्या जागांना बोट लावायचं. आयुमूने कॉलेजच्या पोरांना सहज मागे टाकलं! २००७ चा हा प्रयोग. पुढे भरपूर सराव करून माणसांनीही बरोबरी गाठली, ते सोडा.

त्याआधी अमेरिकेत निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली होती. पण तो वाक्यं रचत नाही, बहुतेक शिक्षकांची नक्कल करतो, असं संशोधक हर्बर्ट टेरेस यांनीच १९७९ मध्ये जाहीर केलं.

मुळात अक्कल मोजायला आपलीच भाषा, आपलेच आकडे कशाला? बंदीपूरच्या जंगलातली लाल तोंडाची माकडं खाऊ मागताना माणसाकडे बघून आवाज काढतात, हात पुढे करतात. हे मागणं हेतुपुरस्सर असतं, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

तीच माकडं आपल्या भोरच्या वरंधा घाटात आहेत. आणि आपण? रीलसाठी वेफर्स दाखवून त्यांना भर रस्त्यात बोलावतो. म्हणजे एवढ्या हुशार प्राण्याला आपण शिकवतोय काय, तर भीक मागायला. तेही गाड्यांच्या चाकांसमोर.

पुढच्या वेळी भोर-वेल्ह्याकडे ट्रेकला जाल तेव्हा पुडा सॅकमध्येच राहू द्या. दहा मिनिटं लांबून नुसतं बघा, ऐका. कोण कोणाला हाक देतं, कुठल्या आवाजाला पिल्लू आईला बिलगतं. त्यांची भाषा शिकायची पाळी आता आपली आहे.