कान तयार असलेल्यांना विचारा

पावशा ओरडला की आपले वाडवडील ‘पेरते व्हा’ असे ऐकायचे. रानाची अशी बोली आयुष्यभर जपणारे मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी सोलापुरात गेले. वनखात्यातून १९९० मध्ये निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. रानातली माणसे पाखरांना काय नावे देतात, ते टिपत राहिले. त्यातून ‘पक्षिकोश’ झाला.

असे कानाचे पक्के निवृत्त गुरुजी, भजनी मंडळातले म्हातारे आपल्याही गावात आहेत. सूर ओळखणारा कान पाखराचा आवाजही ओळखतो. पण त्यांना विचारतो कोण?

पावशा सुरवंट खातो, म्हणजे तो शेतकऱ्याचाच गडी. त्याचा आवाज ओळखणाराच उरला नाही, तर तो शिवारातून गेला हे कळणार कसे?

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ती कचेरीत बसून भरू नका. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी भजनानंतर तासभर पारावर बसावे, म्हाताऱ्यांना बोलते करावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शाळेची पोरेही सोबत बसवावीत. कागदाला काही खर्च येत नाही. म्हातारी माणसे मात्र थांबत नाहीत.