न थांबणारे चाक

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा धाकट्या चुलतभावाने मला गोठ्यामागच्या खोलीत नेले. ताडपत्रीखाली एक यंत्र होते. बॅटरीवर मोटर फिरते, मोटर पट्ट्याने जनित्र फिरवते, जनित्र तीच बॅटरी पुन्हा भरते आणि वर शेतपंपालाही वीज पुरवते, असे विकणाऱ्याने सांगितले होते. इंधन नाही, बिल नाही! मोबाइलवरच्या चित्रफितीत ते झकास चालले होते. गोठ्यामागे मात्र बॅटरीत जीव होता तोवर फिरले आणि थांबले. विकणाऱ्याचा फोन त्याआधीच बंद झाला होता. पैसे गेले ते सोसायटीच्या कर्जातले. ‘दादा, तू सायन्स शिकलास. हे जमणारच नाही का रे?’ त्याने विचारले. त्याची बायको दारात उभी होती, ती काहीच बोलली नाही.

जमणार नाही, हे उत्तर एका शब्दात देता येते. पण कर्ज काढणाऱ्याला हिशेब दाखवायला हवा. मोटर चांगली धरा, जनित्रही चांगले धरा. दोन्ही आपल्याला मिळालेल्या ऊर्जेपैकी ८५ टक्के पुढे देतात असे मानू. १०० वॅट मोटरीत घातले की जनित्रातून ७२ बाहेर पडतात. बाकीचे उष्णतेत आणि घरघरीत जातात. पुढच्या फेरीला ५२ उरतात, त्यापुढे ३८. पंपाला अजून एक थेंबही दिलेला नाही! या खिशातले पैसे त्या खिशात टाकताना दर रुपयामागे चार आण्यांहून जास्त सांडत असतील, तर त्या उलाढालीतून श्रीमंत कोण होणार?

चित्रफितीत आणखी एक वाक्य होते : हे ज्ञान आपल्या पूर्वजांकडे होतेच. त्यात थोडे तथ्य आहे. सह्याद्रीच्या परिसरातल्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त खरोखरच ‘स्वयंवह यंत्रा’चे वर्णन आहे. हलक्या लाकडाचे चाक, त्याच्या पोकळ आऱ्यांत अर्धा अर्धा पारा. ते आपोआप फिरत राहील अशी कल्पना. प्रत्यक्षात चाकाच्या एका बाजूचा पारा आसापासून दूर सरकला, तरी सगळ्या वजनाचा तोल शेवटी जुळतो आणि चाक विसावते. भास्कराचार्यांची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही. ऊर्जा निर्माण होत नाही, फक्त रूप बदलते, हा नियम मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८४० च्या दशकात पक्का केला. त्यांच्यानंतर सातशे वर्षांनी! तेव्हा भास्कराचार्यांचे नाव घेऊन आज यंत्र विकणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

अशा यंत्रांची खरी करामत बहुधा भिंतीपलीकडे असते. चार्ल्स रेडहेफर नावाच्या गृहस्थाने १८१२ च्या सुमारास अमेरिकेत असे एक यंत्र तिकीट लावून दाखवले. न्यूयॉर्कमध्ये ते पाहायला आगबोटवाले रॉबर्ट फुल्टन गेले. चाकाची गती मधूनच कमीजास्त होते, हे त्यांच्या कसलेल्या कानाला जाणवले. हाताने दांडा फिरवला की गती अशीच हलते. त्यांनी फळ्या उपटल्या. आतून तातीचा एक पट्टा थेट माळ्यापर्यंत गेलेला होता, आणि माळ्यावर एक म्हातारा एका हाताने पाव खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवत बसला होता! मला त्या म्हाताऱ्याची नेहमी दया येते.

काळ बदलला, पण प्रकार तोच राहिला. २००६ मध्ये एका आयरिश कंपनीने थेट ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिले. शास्त्रज्ञ तपासायला बसले आणि २००९ मध्ये निकाल दिला : जादा ऊर्जा कुठेही दाखवता आलेली नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानेही निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दाव्यांना दार बंद केले आहे. तेव्हा ‘पेटंट मिळणार आहे’ असे कोणी म्हणाले, की पाकीट खिशात घट्ट धरावे.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच असे प्रस्ताव तपासायला घेणे बंद केले. त्यामागचे एक कारण मला फार मोलाचे वाटते. या नादाने एकाहून अधिक कुटुंबे धुळीला मिळाली, आणि जे कारागीर मोठी कामगिरी करू शकले असते त्यांचा पैसा, वेळ आणि बुद्धी वाया गेली, असे अकादमीने नोंदवले आहे. सूत्रांची भाषा बोलणाऱ्या विद्वानांना कुणाच्या तरी घरातली चूल दिसली होती.

आता कोणी म्हणेल, न्यूझीलंडमध्ये डुनेडिनला १८६४ चे एक घड्याळ आहे, त्याला किल्ली द्यावी लागत नाही. खरे आहे. पण हवेच्या तापमानातला आणि दाबातला चढउतार त्याला चालवतो. सौरपंपही तसाच; त्याला बिल नाही, कारण ऊर्जा सूर्याकडून येते. विकणाऱ्याला एवढेच विचारावे : येते कुठून?

परवा भावाचा फोन आला. यंत्रातली मोटर बरी निघाली. त्याने ती कडबाकुट्टीला जोडली आहे. चालते छान. बिल येते. सोसायटीचा पहिला हप्ता मार्चमध्ये आहे.