धावपट्टी बंद पडते, तेव्हा जमीन कोणाची?

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशी ग्रामपंचायतीच्या हद्दीत एक वनवासी भगिनी घरीच बाळंत झाली. जुळी बाळे दगावली. रस्ता नसल्याने त्या मातेला डोलीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागले. दोन वर्षांनी, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, याच पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराजवळ विमानतळ उभारण्याचा मनोदयही राज्य शासनाने जाहीर केला आहे.

विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु विमानतळाच्या नावाने जमीन जाते, तेव्हा तिचे पुढे काय होते, हे जव्हार-मोखाड्याच्या जनतेने आधीच पाहून ठेवावे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती या पाच धावपट्ट्या २००९ मध्ये शासनाने एका खासगी उद्योगसमूहाच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्या. बारामतीत वैमानिकांचे प्रशिक्षण चालले. पण लातूर-नांदेडची प्रवासी सेवा खंडित झाली आणि यवतमाळची धावपट्टी ओस पडली. २०१७ च्या एप्रिलमध्ये 'उडान' योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले, तेव्हा कोठे नांदेडकरांना दिलासा मिळाला. शेवटी या धावपट्ट्या परत घेण्याची पावले शासनालाच उचलावी लागली.

मधल्या वर्षांत प्रवाशाला विमान मिळाले नाही आणि शेतकऱ्याला शेत मिळाले नाही. खरा धोका पुढे आहे. बंद धावपट्टी म्हणजे सलग, सपाट, कुंपण घातलेली जमीन. तिच्याकडे भूखंडांच्या व्यापाऱ्याची दृष्टी वळली नाही, तरच नवल! सार्वजनिक हितासाठी घेतलेली भूमी मग बंगल्यांच्या वसाहतीला जाणार असेल, तर ती दिलेल्या गावाची ती शुद्ध फसवणूक ठरेल.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ नुसार, ताबा घेतल्यापासून पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या भूमी-बँकेला परत जाते. पण धावपट्टी बांधली, काही वर्षे वापरली आणि मग टाळे लावले, तर काय? 'न वापरलेली' या शब्दांत ती सहजासहजी बसत नाही. म्हणून ही अट करारातच हवी : सेवा ठराविक काळ बंद राहिली, तर भाडेपट्टा आपोआप रद्द व्हावा, जमिनीचा नवा उपयोग ग्रामसभेच्या संमतीनेच ठरावा. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात. ग्रामसभेच्या अधिकारांचा 'पेसा' कायदा १९९६ पासून अस्तित्वात आहे. तो कागदावरून जमिनीवर उतरविण्याची हीच वेळ आहे.

विमान आकाशात उडते. पण त्याची किंमत जमिनीवरचा माणूस मोजतो. त्या माणसाच्या पाड्यापर्यंत आधी रस्ता जावा, मग धावपट्टीची आखणी व्हावी. हा क्रम चुकला, तर कितीही मोठे विमानतळ उभे राहिले, तरी डोली काही सुटणार नाही.