लिहिलेला कागद फाडावा का?



चातुर्मासाआधीची आवराआवर सुरू झाली की कपाटातून कागदांचा ढीग निघतो. बँकेची जुनी स्टेटमेंट्स, बंद खात्याची चेकबुकं, मुलांच्या प्रवेशावेळी जास्तीच्या काढून ठेवलेल्या आधारच्या झेरॉक्स. गठ्ठा बांधायचा आणि रद्दीवाल्याला द्यायचा. फाडायला हात धजत नाही, कारण लहानपणापासून ऐकलेलं असतं की अक्षर असलेला कागद फाडला तर ज्ञानाची आशातना होते.

माझं मत सरळ सांगते. हे कागद फाडलेच पाहिजेत, तेही बारीक. आगमाचं पान वेगळं आणि पॅनकार्डाची झेरॉक्स वेगळी. शिवाय रद्दीत गेलेल्या कागदाचं पुढे काय होतं? पुडी होते, त्यात शेंगदाणे बांधले जातात, आणि शेवटी तो रस्त्यावर तुडवला जातो. आशातनेची काळजी असेल तर ती तिथे करायला हवी.

नाव, पत्ता, जन्मतारीख, सही, आधारचा 12 अंकी क्रमांक असं सगळं एका गठ्ठ्यात हाती लागलं की कुणी आपल्या नावाने सिमकार्ड काढू बघतो, कुणी कर्जाला अर्ज करतो. पैसे तो नेतो, वसुलीचे फोन आपल्याला येतात. आपल्याकडे तर फर्मची भागीदारी, प्लॉट, खाती बाईच्या नावावर आणि कागद घरातल्या पुरुषांकडे, अशी किती घरं आहेत. आपल्या नावावर काय चाललंय हे तिला असा फोन आल्यावरच कळतं. निदान आपल्या नावावर किती सिम आहेत एवढं तरी संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच फोन करा.

आता नष्ट कसे करायचे? जाळायचे तर तेउकायाची हिंसा. बादलीत भिजवून लगदा करायचा तर अपकायाची, आणि ओला लगदा पडून राहिला की त्यात जीवोत्पत्ती. म्हणून कात्री बरी, नाहीतर श्रेडर. श्रेडर लांब पट्ट्या काढणारं घेऊ नका, बारीक तुकडे करणारं घ्या. 1979 साली तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत पट्ट्या करून टाकलेले कागद इराण्यांनी चिकाटीने पुन्हा जोडले होते! आणि जयणा विसरू नका. जुन्या गठ्ठ्यात कसर असते, झुरळाची पिल्लं असतात. आधी एकेक कागद पुंजणीने अलगद झटकून घ्या. खरेदीखताला हात लावू नका, आणि आयकराचे कागद सीएला विचारल्याशिवाय फाडू नका.

पण मला जास्त काळजी वाटते ती घराबाहेरच्या गठ्ठ्याची. शिखरजीची किंवा पालिताण्याची यात्रा ठरते, पन्नास जणींच्या आधारच्या झेरॉक्स एका पिशवीत जमा होतात. यात्रा होते, पारणी होतात, फोटो ग्रुपवर येतात. पिशवी मात्र कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहते आणि दोन दिवाळ्यांनी रद्दीत जाते. अदत्तादान विरमण व्रत आपण घेतो. दुसरीने विश्वासाने दिलेली वस्तू चोराच्या हाती पडेल अशी ठेवणं मला तरी त्या व्रताला धरून वाटत नाही.

म्हणून झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. आणि जिने कागद गोळा केले, तिनेच यात्रेनंतर सगळ्यांसमोर ते फाडावेत.

आमच्या मंडळात मी हे मांडलं तेव्हा एक काकी म्हणाल्या, "आपल्याच माणसांवर अविश्वास?" काकी, माणसांवर नाही हो, त्या माळ्यावरच्या पिशवीवर. पुढच्या यात्रेनंतरच्या बैठकीला कात्र्या मी घेऊन येते.